जास्तीच्या दोन फळ्या

सोमवार, ४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलं असशील, तर आधी कामाचं सांगतो. बारकी काल सुखरूप पोचली. बस पाऊण तास उशिरा आली, पण वसतिगृहात तिला खिडकीजवळची खाट मिळाली आहे. खोलीत आणखी एकच मुलगी आहे आणि ती घोरते, असं आज सकाळी बारकी ऑफिसातल्या बाईंना सांगत होती. मला नाही सांगितलं. मी शेजारच्या टेबलाशी फायलीत डोकं घालून ऐकत होतो.

मला ती 'नमस्कार सर' म्हणाली.

नोंदणीला मीच बसलो होतो. तीन आठवड्यांचा कोर्स, जमिनीखालच्या खाणीत हवा खेळती कशी ठेवायची याचा. बावीस जण आहेत, त्यांत मुली तीन. यादीत नाव वाचलं तेव्हा वाटलं, त्याच नावाची दुसरी कोणी असेल. मग समोर येऊन उभी राहिली आणि हनुवटी तुझीच. शेवटची पाहिली तेव्हा अकरा वर्षांची होती, अंगाने एवढीशी, म्हणून आपण बारकी म्हणायचो. आता तिच्याशी बोलायला मलाच मान वर करावी लागली. तोंडातून 'अगं बारके' निघणारच होतं, तेवढ्यात तिने अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, "सर, सही कुठे करायची?" मी बोटाने जागा दाखवली.

हिला हेच शिकायचं होतं? वर उजेडात करण्यासारखी इतकी कामं आहेत. तू अडवलं असशील याची मला खात्री आहे, आणि तिने ऐकलं नसेल याचीही. हट्ट कोणावर गेला आहे ते लिहीत नाही, नाहीतर पत्र इथेच फाडशील.

तू माझा फोन उचलत नाहीस, त्याला आता अकरा वर्षं झाली. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. भाऊजींच्या चौकशीत मी त्यांच्यासाठी आणखी दोन शब्द बोलायला हवे होते, हे मला कळतं. मी तेव्हा हाताखालचा माणूस, माझं कोण ऐकणार होतं. तरी बोलायला हवं होतं. त्यांच्या हातांची थरथर आता कशी आहे? बोलताना शब्द अजून अडतो का? उत्तर नाही दिलंस तरी चालेल, दिलंस तर बरं वाटेल.

तुझा भाऊ, अजून तरी


शुक्रवार, ८ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. टपालाला चार दिवस पुरतात की नाही, असा विचार करून मी स्वतःची समजूत घालतो आहे.

पहिल्या आठवड्यात मी दर वेळी तेच सांगतो. वर पंखा एकच असतो. तो जेवढी हवा खाली देतो तेवढीच सगळ्यांची. उत्तर विभागाला जास्त दिली, की ती दक्षिण विभागाच्या वाट्यातून जाते. एक जण मागून म्हणाला, "म्हणजे दोघांत एक चादर, सर. एकाने ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे." सगळे हसले. बारकीने ते वहीत लिहून घेतलं. शिकवताना मी तिच्याकडे बघायचं टाळतो, त्यामुळे वर्गाची डावी बाजू माझ्याकडून जरा उपाशीच राहते आहे.

मग रेग्युलेटर शिकवला. नाव मोठं आहे, वस्तू साधी. बोगद्यात आडवी भिंत, भिंतीला खिडकी, खिडकीला दोन्ही बाजूंनी खाचा, आणि खाचांत आडव्या सरकवलेल्या लाकडी फळ्या. फळ्या वाढवल्या की खिडकी लहान होते आणि हवा दुसरीकडे वळते. तुला हे माझ्यापेक्षा आधीपासून माहीत आहे. भाऊजी आयुष्यभर तेच करत होते.

आता जे लिहायचं टाळतो आहे ते लिहितो. आमच्या पुस्तकाच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर एक अपघात आहे. नाव छापलेलं नाही, पण वर्ष आहे आणि खाणीचा नंबर आहे. असं लिहिलं आहे: 'दक्षिण विभागाच्या रेग्युलेटरमध्ये पाच फळ्या मंजूर असताना हवा-मिस्त्रीने अंगावर येणारा गार झोत टाळण्यासाठी, विनापरवानगी, जास्तीच्या दोन फळ्या बसवल्या. हवा अपुरी पडून तो स्वतः व एक ड्रिलचालक बेशुद्ध झाले. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा.'

हे पान तिसऱ्या आठवड्यात येतं. त्याच शनिवारी परीक्षा असते, आणि पहिला, सक्तीचा प्रश्न दर वेळी याच पानावरचा. त्यात शून्य मिळालं तर बाकीचा पेपर कितीही चांगला जावो, माणूस नापास. पेपर मुख्यालयातून येतो, उत्तराचा नमुनाही तिकडूनच. तपासतो मी. सर्टिफिकेट मिळालं नाही तर बारकीची नेमणूक रद्द होईल, आणि ते मिळवायचं तर तिला स्वतःच्या हाताने लिहावं लागेल, की बाबा निष्काळजी होते.

नऊ वर्षं मी ते पान शिकवतो आहे. मला एकदाही असं वाटलं नव्हतं की समोर ती बसलेली असेल.


बुधवार, १३ मार्च

ताई,

केंद्राच्या मागे आम्ही प्लायवुडचा नमुना-बोगदा उभा केला आहे, आतून काळा रंग मारलेला. एका टोकाला छोटा पंखा, मध्ये फळ्यांचा रेग्युलेटर. धुराची नळी फोडायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. आज प्रत्येकाने फळ्या लावून दाखवायच्या होत्या.

पोरांनी फळ्या हाताला येतील तशा खाचेत ढकलल्या. बारकीची पाळी आली. तिने फळी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला, लाकडातली गाठ शोधली, फळी उलटी केली आणि गाठ वरच्या कडेला येईल अशी बसवली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच.

"गाठ वर कशासाठी?" मी विचारलं. सर म्हणून विचारावंच लागलं.

"खालच्या कडेला ओल धरते, सर. गाठ खाली आली की फळी तिथे फुगते आणि खाचेत अडकते. मग घाईच्या वेळी निघत नाही."

"हे पुस्तकात नाही."

"नाही, सर. बाबा सांगतात."

बाकीच्यांनी मुकाट्याने आपापल्या फळ्या काढून उलट्या केल्या. मी बाहेर आलो, टाकीच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायलो आणि घंटा होईपर्यंत आत गेलो नाही.

त्या दिवशी चौकशीच्या खोलीबाहेर तू बाकावर बसली होतीस. मी आत जाताना माझी बाही धरलीस आणि म्हणालीस, "जास्त काही नको, फक्त खरं सांग." मी मान हलवली. आत भाऊजींचा दवाखान्यात घेतलेला जबाब वाचून दाखवला: 'दोन वाजता मी मोजल्या तेव्हा फळ्या पाचच होत्या. जास्तीच्या दोन माझ्या असतील तर गाठ वर असेल. बघून घ्या.' अध्यक्षांनी मला विचारलं, गाठीवरून फळी कोणी लावली ते कळतं का? मी म्हणालो, "फळीला फळी सारखीच, साहेब. गाठीवरून काही कळत नाही."

कळतं, ताई. मला तेव्हाही कळत होतं. मी नवा कामाला लागलो तेव्हा भाऊजींनीच दाखवलं होतं. अधिकाऱ्याला मिस्त्री शिकवतो आहे हे चारचौघांत दिसू नये म्हणून मला बाजूला नेलं, हळू आवाजात सांगितलं आणि वर म्हणाले, "तुम्हाला माहीतच असेल म्हणा." मला माहीत नव्हतं. आणि ज्या एका गोष्टीचा त्या माणसाला अभिमान होता, तिच्यावर मी भर खोलीत बोळा फिरवला. तू बाहेरून ऐकलं असशील, दार लोटलेलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता.

दोन शब्द कमी बोललो, असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी चार शब्द जास्त बोललो.


शनिवार, १६ मार्च

ताई,

आठ तारखेचं आणि बुधवारचं पत्र टेबलाच्या ड्रॉवरमध्येच आहे. पाकिटं केली, तिकिटं लावली, आणि रोज पोस्टाच्या पेटीवरून चालत जातो. हेही बहुधा तिथेच जाईल. मग लिहितो कशाला, असं विचारशील. न लिहिलं तर वर्गात उभं राहता येत नाही, म्हणून.

पान चौऱ्याऐंशी टाळायचे सगळे प्रयत्न करून झाले. सर्व्हे शिकवणाऱ्या गुरुजींना म्हटलं, मंगळवारचा माझा तास तुम्ही घ्या. "का, घसा बसलाय?" म्हणाले. हो म्हटलं. "आत्ता तर खणखणीत बोलताय," असं म्हणून ते चहाला निघून गेले. प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "तुमच्याइतकं ते पान कोणाला येतं? अहो, त्यावरचा नियम तुमचा आहे."

नियम माझा आहे हे खरं. त्या अपघातानंतर मी लिहून दिलं, की रेग्युलेटरला जो हात लावेल त्याने शेजारच्या पाटीवर तारीख, वेळ आणि सही करावी. सगळीकडे तो लागू झाला. त्याच्यामुळेच मला इथे शिकवायला आणलं. दर वर्षी कोणीतरी टाळ्या वाजवतं आणि मी हात जोडतो.

दुपारी बारकी माझ्या खोलीत आली. दारात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"सर, पान चौऱ्याऐंशी मंगळवारी ना?"

"हो. तुला त्या तासाला बसायचं नसेल तर दवाखान्याची चिठ्ठी आण. मी बघून घेतो."

"आणि पेपरात?"

"पेपरात नमुन्यासारखं लिहून टाक. दहा ओळी आहेत. लिहिल्याने काही खरं होत नाही."

"मग लिहायचं कशाला, सर?"

मी टेबलावरच्या पेन्सिली सारख्या केल्या. मग विचारलं, इथे मी शिकवतो हे घरी ठाऊक आहे का.

"बाबांनीच सांगितलं. ते पान बघून ये म्हणाले. आणि म्हणाले, मामा शिकवतो चांगलं."

हे सांगून ती गेली. मामा हा शब्द तिच्या तोंडून ऐकला, तोही भाऊजींचा म्हणून. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.


मंगळवार, १९ मार्च

ताई,

आज तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर. 'पोचलं. तिला पेपर तिच्या मनाने लिहू दे, तू मध्ये पडू नकोस.' पेपरचं बारकीने फोनवर सांगितलं असणार. हातांच्या थरथरीबद्दल काही नाही, शब्दाबद्दल काही नाही. मी ते कार्ड खिशात ठेवून तासाला गेलो.

पान पाळीने मोठ्याने वाचतात. तो परिच्छेद बारकीच्या शेजारच्या मुलाच्या वाट्याला आला. वाचून झाल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "स्वतःच्याच नाकात बोळे घालून घेतले की राव." हशा झाला. या जागी दर वेळी हशा होतो. आणि ताई, मीही हसलो. सवयीने हसलो, दर वेळी हसतो तसा. मग बारकीकडे नजर गेली. ती हसणाऱ्यांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

तिने हात वर केला. "सर, ज्याला त्याच हवेत काम करायचं आहे तो फळ्या वाढवेल कशाला?"

हेच तू मला विचारलं होतंस, तेव्हा, दवाखान्याच्या जिन्यात. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, तुला दिलं होतं तेच. गार झोत लागतो, माणसं असं करतात. ती "बरं, सर" म्हणाली आणि खाली बसली.

आता लिहितोच. उद्या हिंमत राहणार नाही.

जास्तीच्या दोन फळ्या मी लावल्या होत्या.

त्या दिवशी इन्स्पेक्टर येणार होते. उत्तर विभागात हवा भरत नव्हती, दोन आठवडे आकडा कमी पडत होता. मॅनेजर म्हणाले, "तीनला ते मोजतील. आकडा बसला पाहिजे. कसा, ते तुम्ही बघा." मी बघितलं. जेवणाच्या सुट्टीनंतर दक्षिणेच्या रेग्युलेटरशी गेलो. आसपास कोणी नव्हतं. भाऊजींनी बाजूला रचून ठेवलेल्या फळ्यांतल्या दोन उचलल्या आणि खाचेत ढकलल्या. गाठ बघितली नाही. दक्षिणेची हवा उत्तरेला गेली. तीनला इन्स्पेक्टरांनी मोजलं आणि आकडा बसला.

साडेतीनला परत जाऊन फळ्या काढायच्या, असं ठरवलं होतं. दक्षिणेला त्या पाळीत काम नाही, असं मला वाटलं होतं. वाटलं होतं, विचारलं नव्हतं. साडेतीनला इन्स्पेक्टर वर ऑफिसात चहाला बसले आणि मलाही बसवून घेतलं. तरुण अधिकारी असा हवा, असं मॅनेजरांना म्हणाले. मी दुसरा कप घेतला. चहा नको होता मला. ते आणखी काही म्हणतील म्हणून बसलो होतो. सव्वाचारला भोंगा वाजला.

सुटकापथकाचा म्होरक्या पुढे आणि मी मागे, असे खाली गेलो. रेग्युलेटरशी तो थांबला, फळ्या मोजल्या, वळून म्हणाला, "सात? इथे पाच हव्यात ना?" त्या क्षणी बोलायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "कोणी लावल्या?"

असं मी विचारलं, ताई. जास्तीच्या फळ्या काढल्या, पथक आत गेलं आणि भाऊजींना आणि ड्रिलवाल्याला बाहेर आणलं. ड्रिलवाला दोन दिवसांत कामावर आला. भाऊजींचं काय झालं ते तू रोज बघतेस.

मॅनेजर मला एकदाच म्हणाले, "आपण दोघं जाऊ, किंवा कोणीच नाही." मी त्यांच्या आड लपत नाही. त्यांनी फळ्या लावायला सांगितल्या नव्हत्या. आणि गप्प राहायला मला कोणी सांगावं लागलं नाही.


रविवार, २४ मार्च

ताई,

परीक्षा काल झाली. आज सकाळपासून खोलीचं दार लावून पेपर तपासले. बारकीचा मुद्दाम शेवटी ठेवला.

बाकी सगळ्या प्रश्नांत तिच्याएवढे गुण कोणालाच नाहीत. पहिल्या प्रश्नाचं तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवून पाठवतो, तुझ्याकडे असावं म्हणून:

'दक्षिण विभागाची हवा कमी झाली, कारण रेग्युलेटरमध्ये पाचाऐवजी सात फळ्या होत्या. जास्तीच्या दोन कोणी लावल्या ते मला माहीत नाही. हवा-मिस्त्रीने लावल्या नव्हत्या. त्याने दोन वाजता पाच मोजल्या होत्या आणि तो मोजण्यात चुकत नसे. फळ्यांच्या गाठी कोणत्या बाजूला होत्या हे चौकशीत कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं.'

नमुन्याप्रमाणे याला शून्य. म्हणजे नापास.

मी पेन्सिलीने सहा लिहिले. बेरीज केली, पहिली आली. मुख्यालयात उत्तरं कोणी वाचत नाही, आकडे बघतात. पेपर गठ्ठ्यात सरकवला, दोरी बांधली, हात धुवून आलो. भाचीसाठी एवढं तरी केलं, असं वाटून मला चक्क बरं वाटत होतं. टॉवेलला हात पुसता पुसता लक्षात आलं, की मी पुन्हा आकडाच बसवला आहे. कोणी बघत नसताना, दोन फळ्या इकडच्या तिकडे. आणि उद्या तिने विचारलं असतं, सर, हे सहा कशाचे, तर मी पुन्हा म्हणालो असतो, काही कळत नाही.

स्वतःची इतकी किळस मला भोंग्याच्या दिवशीही आली नव्हती. तेव्हा भीतीने जागा ठेवली नव्हती.

दोरी सोडली. रबराने सहा पुसले. लाल पेन घेतलं आणि समासात लिहिलं: 'उत्तर बरोबर. जास्तीच्या दोन फळ्या मी लावल्या होत्या. दहापैकी दहा.' खाली तारीख आणि सही. सही नेहमीची, पूर्ण.

मग जबाब लिहायला घेतला. पाच पानं झाली. एक प्रत खाण सुरक्षा कार्यालयाला, एक प्राचार्यांना, एक भाऊजींना. माझं काय होईल ते होवो. नोकरी जाईलच, आणखीही काही होईल. ते लिहून तुझ्याकडून दया काढायची नाही. तू मध्ये पडू नकोस म्हणाली होतीस, तेवढं मात्र मी मोडलं.

ड्रॉवरमधली पत्रं आता एकत्र बांधतो आहे. उद्या ती पाठवेन. हे वाक्य मी याआधीही मनात म्हटलं आहे, म्हणून विश्वास ठेवू नकोस. पाकीट हातात आलं तरच खरं मान.


सोमवार, २५ मार्च

भाऊजी,

आतापर्यंत सगळं ताईला लिहिलं. तुम्हाला लिहायची छाती नव्हती, म्हणून तिच्या आड उभा राहून बोलत होतो. तिच्या पत्रांत सगळं आहे, सोबतच्या जबाबातही आहे. तरी आज वर्गात जे झालं ते तुम्हालाच लिहायला हवं, कारण अर्धं तुमच्या बाजूला झालं.

मुख्यालयाला पाठवण्याआधी पेपर उमेदवारांना दाखवतो. सगळे आपापले गुण मोजत होते, अर्ध्या गुणासाठी भांडत होते. बारकीने पहिलं पान उलटलं आणि थांबली. तिने ते किती वेळा वाचलं कोण जाणे. मग उठून माझ्या टेबलाशी आली.

"सर, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"शुद्धीवर?"

"हो."

तिचा आवाज चढला नाही. मला वाटलं होतं रडेल, पेपर तोंडावर फेकेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. तिने टेबलावरचं माझं पेन उचललं. "तुमच्या नियमात वेळ लिहावी लागते, सर. इथे वेळ नाही. किती वाजता लावल्यात?"

इतक्या वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. विचारणारं कोणी उरू नये याची काळजी मीच घेतली होती. मी म्हणालो, "सव्वादोन."

"म्हणजे दोनला पाचच होत्या."

"पाचच होत्या. तुझ्या बाबांनी बरोबर मोजल्या होत्या."

तिने माझ्या सहीशेजारी 'दु. २.१५' लिहिलं. मग तिथेच, माझ्यासमोर, फोन काढून लावला. ताईने उचलला असावा. "आई, बाबांना दे," म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, सव्वादोनला लावल्या. मामाने."

एवढंच. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. तुम्ही ओळखून होतात, असं मला तेव्हा वाटलं. तसं असेल तर किती वर्षं, हे विचारायचा मला हक्क नाही.

मंगळवारी ज्याने बोळ्यांचा विनोद केला होता, तो बाकाच्या कडेवरचा ढलपा नखाने काढत बसला होता. बारकी फोन कानाला लावून उभी. तुमचा शब्द अडला असणार, कारण ती घाई न करता थांबली होती, सवय असल्यासारखी. मग माझ्याकडे वळली.

"बाबा विचारतायत, गाठी कुठे होत्या?"

"खाली," मी म्हणालो.

"खाली होत्या, बाबा."

पुन्हा ती थांबली. या वेळी बराच वेळ. मग फोन कानाशीच ठेवून मला म्हणाली, "बाबा म्हणतायत, मग काढताना अडकल्या असतील."

तिने माझ्या उत्तराची थोडा वेळ वाट बघितली, तुम्हाला "नंतर करते" म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. पेपर तिने उलटा करून ठेवला नाही, सरळच ठेवला.

ते उत्तर माझ्याकडे राहिलं आहे. ताईच्या पत्रात ते मी गाळलं, पाच पानांच्या जबाबातही गाळलं. सगळं कबूल करतानाही तेवढं माझ्यापुरतं लपवून ठेवलं होतं. आता जबाबाला सहावं पान जोडतो आहे.

अडकल्या होत्या, भाऊजी. हवा सुरू झाल्याशिवाय पथकाला आत सोडता येत नव्हतं, आणि खालच्या गाठींशी फुगलेल्या फळ्या हाताने निघत नव्हत्या. म्होरक्याने हातोडा मागवला. तो येऊन दोन्ही फळ्या निघेपर्यंत नऊ मिनिटं गेली. आत तुम्ही आहात हे मला तोवर कळलं होतं, आणि मी घड्याळात बघत उभा होतो.